गावातल्या व्याख्यानमालेत तासाभराचं भाषण ठेवावं की अठरा मिनिटांचं?

कार्यवाह_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. मी तिथला कार्यवाह. दर जानेवारीत तीन दिवस व्याख्यानमाला असते. वडिलांच्या पिढीनं सुरू केली, आम्ही पुढे चालवतोय.

अडचण अशी, की श्रोते तेच आहेत आणि म्हातारे होत चाललेत. निवृत्त शिक्षक, पेन्शनर, दोन-तीन वकील. कॉलेजची मुलं समोरच्या चहाच्या गाडीवर उभी असतात, पण आत येत नाहीत. मला वाटायचं, यांना ऐकण्याचीच आवड नाही. पण वाचनालयात काम करणाऱ्या एका मुलीनं मला तिच्या मोबाइलवर हान्स रोसलिंग या स्वीडिश डॉक्टरांचं ‘टेड’ या अमेरिकी व्याख्यान-मंचावरचं भाषण दाखवलं. त्यांनी टेबलावर सामान ठेवायचे खोके मांडले होते. एक खोका म्हणजे शंभर कोटी माणसं. १९६० साली जगात असे तीन खोके होते, एक श्रीमंत देशांचा आणि दोन गरीब देशांचे. मग ते एकेक खोका वाढवत आजच्या काळापर्यंत येतात आणि सांगतात, की गरीब घरातली मुलं जगायला लागली तरच लोकसंख्येची वाढ थांबेल. आमच्या पिढीला नेमकं उलटं वाटायचं. दहाएक मिनिटांत त्या माणसानं माझा जुना समज मोडून काढला. मुलगी म्हणाली, “काका, असं कुणी आपल्याकडे बोलणार असेल तर आम्ही पहिल्या रांगेत बसू.”

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. तासाची भाषणं बंद करून अठरा-अठरा मिनिटांची तीन ठेवावीत का? मानधनाला आमच्याकडे फार पैसे नाहीत, मोठी नावं परवडत नाहीत. कुणी असा बदल केला असेल तर जरूर सांगा.

पुणेकर_श्रोता

कार्यवाहसाहेब, आधी मंचावरचा वेळ कापा, वक्त्याचा नंतर बघू. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत, आभार. सहाचा कार्यक्रम आणि वक्ता माइकवर येतो सव्वासातला. तोवर तरुण माणूस बसेल कसा?

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. अमेरिकेत टेड सुरू झालं १९८४ मध्ये आणि त्यांची भाषणं सगळ्यांसाठी इंटरनेटवर आली २००६ मध्ये. अठरा मिनिटांची मर्यादा त्यांची. ती जरूर घ्या, पण गावोगावच्या अशा कार्यक्रमांचं ‘टेडएक्स’ हे नाव लावायचं असेल तर त्यांचा परवाना लागतो. परवान्याला पैसे पडत नाहीत, पण नियम बरेच आहेत आणि वक्त्याला मानधन देता येत नाही. तुमच्या वाचनालयाचं नाव गावात पुरेसं आहे, तेच ठेवा.

विज्ञानताई_सातारा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या मते प्रश्न मिनिटांचा नाहीच. त्या डॉक्टरांनी टेबलावर खोके ठेवले होते, हे तुमच्या लक्षात राहिलं. नुसते आकडे सांगितले असते तर राहिलं असतं का?

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होतात. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानं तिथं एका मेणबत्तीवर अख्खी मालिका गुंफली होती. त्यातला एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात करते. मेणबत्ती फुंकून विझवायची, वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला दोन बोटं अंतरावरून जळती काडी दाखवायची. ज्योत धुरावरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. जळते ती मेणाची वाफ, हे मग मुलांना सांगावंच लागत नाही. आणि हा फॅरडे स्वतः कोण होता? पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानातला शिकाऊ पोरगा. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला तिथल्याच हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्यानं टिपणं काढली, स्वतः बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. पुढच्या वर्षी तो डेव्हीच्या प्रयोगशाळेत कामाला लागला. म्हणून माझी विनंती, चहाच्या गाडीवरच्या पोरांची आशा सोडू नका.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या खेड्यांतल्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात कचऱ्यातून खेळणी करून दाखवत राहिला. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापायची, तिच्या तुकड्यांत आगपेटीच्या काड्या खोचायच्या. चार काड्यांचा चौकोन बोटानं दाबला की कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. एवढं हातात आलं, की छपराच्या कैचीत आणि रेल्वेच्या पुलात त्रिकोण का असतात हे पोरगं स्वतःच सांगतं. हे करायला खर्च किती? काहीच नाही.

तेव्हा वक्ता शोधताना त्याचं नाव बघू नका. “तुम्ही टेबलावर काय ठेवणार?” एवढं विचारा. तुमच्याच तालुक्यात ठिबकचं काम करणारा मेकॅनिक असेल, पशुवैद्यक असेल, भूजलाची पातळी मोजणारा असेल. विहिरीला पाणी कुठून येतं हे काचेच्या बरणीत वाळू-मुरूम भरून दाखवणारा माणूस तुमच्या गावात जेवढा ऐकला जाईल, तेवढा टीव्हीवरचा चेहरा ऐकला जाणार नाही. फॅरडेनंही तरुणपणी मित्राला लिहिलेल्या पत्रांत तासाच्या वर बोलू नये असं म्हटलंय. सभागृहात हवा खेळती हवी, हेसुद्धा त्यानं लिहिलंय. जानेवारीत खिडक्या लावून घेऊ नका.

डॉक्टर_नांदेड

ताईंचं सगळं पटलं, फक्त एक भर घालतो. छोटं भाषण चटकन पटतं, आणि त्यातच धोका आहे. एमी कडी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचं २०१२ मधलं टेडचं भाषण कोट्यवधी लोकांनी पाहिलं. दोन मिनिटं ऐटीत, हातपाय पसरून उभं राहिलं की शरीरातले हार्मोन बदलतात, असा त्यातला, एका प्रयोगावर आधारलेला, दावा होता. पुढे जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग केला तेव्हा हार्मोनमध्ये तसा फरक दिसला नाही आणि २०१६ मध्ये त्या प्रयोगाच्या मूळ शोधनिबंधाच्या सहलेखिका डेना कार्नी यांनी आपला आता यावर विश्वास नाही असं जाहीर लिहिलं. मूळ भाषण ज्यांनी पाहिलं त्यांतल्या कितीजणांपर्यंत हे पोचलं असेल?

गावच्या सभागृहात मोबाइलवर नसलेली एक गोष्ट असते. वक्ता समोर असतो आणि त्याला अडवता येतं. म्हणून वीस मिनिटं भाषण असेल तर तीस मिनिटं प्रश्नांना ठेवा. “हे कशावरून?” असं विचारणारं पोरगं त्या सभागृहात तयार झालं पाहिजे. मला व्याख्यानमाला हवी ती यासाठी.

कार्यवाह_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीपुढे हे मांडतो: हारतुरे बंद, परिचय दोन वाक्यांत, वीस मिनिटं भाषण, अर्धा तास प्रश्न, आणि प्रत्येक वक्त्यासमोर एक टेबल. पहिला दिवस पाण्याचा ठेवावा म्हणतो. बोअर घेताना जागा दाखवण्यावरून आमच्याकडे घराघरांत वाद आहेत, त्यामुळे लोक येतीलच. एकच शंका. मुली सभेत माइक हातात घेऊन विचारत नाहीत. त्याचं काय करावं?

विज्ञानताई_सातारा

आत येतानाच प्रत्येकाच्या हातात कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल द्या. नाव लिहायची सक्ती नको. चिठ्ठ्या गोळा करणं आणि वाचणं हे काम तुमच्या वाचनालयातल्या त्या मुलीकडे सोपवा, अध्यक्षांकडे नको. आणि काड्या-नळ्यांचे तुकडे हवे असतील तर कळवा, माझी सातवीची मुलं डबाभर कापून देतील.