खरकटं आणि मैला एकाच टाकीत: गॅस मिळेल, पण स्लरी कोण घेणार?

गोदाकाठ: आमच्या नगरपरिषदेत विषय निघालाय: हॉटेलांचं खरकटं आणि सेप्टिक टँकचा मैला एकत्र कुजवून गॅस करायचा. नाशिकला जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी विकास संस्थेच्या मदतीने याच जोडीवर वीज करणारा प्रकल्प 2017 साली उभा राहिला, क्षमता दिवसाला 30 टन. माझा पाठिंबा आहे. नुसतं खरकटं टाकलं की टाकी आंबते. भात-पोळीचं आम्ल भराभर होतं आणि मिथेन करणारे जिवाणू मागे पडतात. मैल्यात ते आम्ल झेलायची ताकद असते, पण गॅस बेताचाच. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढायची.

टाकीवाला: कागदावर सगळं बरोबर. मी खरकट्याच्या प्लांटवर चार वर्षं काढलीत. लग्नसराईत एकदा केटररने पाकासकट जिलेबीचे पिंप ओतले. तिसऱ्या दिवशी बर्नरची ज्योत टिकेना, गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडच जास्त. चुना टाकत, भरणी बंद ठेवत बारा दिवस बसलो. मैला असता तर टाकी सावरली असती, मान्य. पण टँकर रोज येईल कशावरून? आज तीन, मग आठवडाभर एकही नाही, असं झालं की तुमची जोडी मोडली. आणि चमचे, करवंट्या, केचपच्या पुड्या हाताने वेचायला माणूस लागतो, त्याचा पगार कुणी धरत नाही.

बांधावरून: माझा आक्षेप वेगळाच आहे. खरकट्याची स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेला पातळ गाळ, मी आनंदाने शेतात घेईन. मैला मिसळलेली नाही. जंतांची अंडी 35-37 अंशांच्या टाकीत सगळी मरत नाहीत. गटारात कारखाने काय सोडतात ते आम्हाला नदीत दिसतंच, आणि जड धातू कुजून जात नाहीत. चांगलं खत होणारा माल त्यात घालून का नासवायचा?

गोदाकाठ: दादा, गल्लत होतेय. सेप्टिक टँकचा मैला वेगळा, गटाराच्या एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा, गाळ वेगळा. पहिल्यात कारखान्याचं पाणी येत नाही. अंड्यांवर उपाय आहे: माल आधी 70 अंशांवर तासभर तापवायचा, गॅस इंजिनाची वाया जाणारी उष्णता त्याला वापरता येते. आणि मैल्याच्या गॅसची किळस आपल्याकडे कधीच मोडलीय. कोकणात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी त्याचा प्रचार केला, देहूत डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेले गॅस प्लांट बांधून दाखवले.

बांधावरून: मापुसकरांबद्दल आदरच आहे. पण ती टाकी ज्याच्या त्याच्या अंगणातली. आत काय पडतंय ते घरमालकाला ठाऊक. तुमच्या टँकरवाल्याने येता येता गॅरेजचं ऑइल भरून आणलं तर कळणार कुणाला?

वरणफळ: मला तर वाटतं सोसायटीचं ओलं सोसायटीतच जिरवावं. घंटागाडीत पुन्हा सगळं एकत्रच होतं, मग कसली जोडी न् काय.

टाकीवाला: ताई, शंभर फ्लॅटच्या सोसायटीत हे जमतं. बसस्टँडमागच्या खानावळीला जागा कुठली? गोदाकाठ, टँकरचा ठेका प्लांट चालवणाऱ्याकडेच ठेवा आणि प्रत्येक टँकरचा नमुना घेतल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नका. एवढं असेल तर माझा विरोध नाही.

गोदाकाठ: आराखडा पाहिला. ठेका वेगळ्याच माणसाला आहे, नमुन्याचा उल्लेख नाही. हरकत देतो.

बांधावरून: नापास टँकर कुठे रिकामा करणार, तेही त्यातच विचारा. आमच्या ओढ्यात नको.