डाकारचा ४९ मीटरचा पुतळा: देशाची आठवण परक्यांकडून घडवून घ्यावी का?

दर्यावर्दी
कामानिमित्त पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या राजधानीत, डाकारला होतो, तेव्हा टेकडीवरच्या १९८ पायऱ्या चढून 'आफ्रिकन पुनर्जागरण' स्मारकाच्या पायथ्याशी गेलो. ४९ मीटर उंची, ब्राँझचे जाड पत्रे. पुरुषाच्या डाव्या दंडावर मूल बसलंय आणि ते समुद्रापलीकडे बोट दाखवतंय. मागे स्त्री. सेनेगलच्या स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली, तेव्हा एप्रिल २०१० मध्ये अनावरण झालं. कल्पना तत्कालीन राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाड यांची. बांधणारी कंपनी मात्र उत्तर कोरियाची, मानसुदे. चेहरे आशियाई वाटतात म्हणून वाड यांनी डोकी बदलून घेतली होती. मला तिथे उभं राहून वाईट वाटलं. पुनर्जागरण आफ्रिकेचं, आणि त्यात हात लागले ते प्याँगयांगच्या सरकारी कारखान्याचे! त्याच डाकारमध्ये तेव्हा उस्मान सो हयात होते, जगभर नावाजलेले शिल्पकार. त्यांनीही या कामाला उघड विरोध केला होता. माझं मत स्पष्ट आहे: देशाचं स्मारक देशातल्याच हातांनी घडावं.

उंबरठा
सहमत नाही. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता फ्रेंच शिल्पकाराची, तिच्या आतला सांगाडा आयफेलचा. तिला कोणी परकी म्हणतं का? आपल्याकडे बघा. सरदार पटेलांच्या १८२ मीटरच्या पुतळ्याचं शिल्प धुळ्याजवळच्या गोंदूरच्या राम सुतारांचं, पण ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतले गेले. म्हणून ते काम आपलं नाही असं मी तरी म्हणणार नाही.

दर्यावर्दी
सुतारांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मातीचा पहिला नमुना आपल्या माणसाने केला, ओतकाम बाहेर गेलं. डाकारला पुतळा घडवण्याचं कामच बाहेर गेलं. आणि आफ्रिकेत ओतकाम नव्हतं असं थोडंच आहे? इफे आणि बेनिन या जुन्या आफ्रिकी राज्यांचे कारागीर शेकडो वर्षांपूर्वी मेणाच्या नमुन्यावर साचा करून, मेण गाळून असे पातळ मुखवटे ओतायचे की १८९७ मध्ये ब्रिटिशांनी बेनिनचा राजवाडा लुटून नेल्यावर युरोपात लोक थक्क झाले. बेनिन सिटीच्या इगुन स्ट्रीटवर ओतारी आजही काम करतात.

शाडूवाला
इथे थांबा. बेनिन सिटी नायजेरियात आहे, डाकारपासून हजारो किलोमीटरवर. सेनेगल बहुसंख्य मुस्लिम. तिथल्या इमामांनी तर पुतळा म्हणजे मूर्तिपूजाच, शिवाय स्त्रीचे कपडे अपुरे, म्हणून विरोध केला. अख्खा खंड एकच घर धरला तर आपणही तीच चूक करतो, जी बाहेरचे लोक पिढ्यान् पिढ्या करत आले.

दुसरं, हाताबद्दल. मी पेणला गणपती करतो, म्हणून उस्मान सो यांचं काम मला फार जवळचं वाटतं. ते आधी फिजिओथेरपिस्ट होते, पाठीचा स्नायू कुठे ताणतो ते बोटांना ठाऊक. लोखंडी सांगाड्यावर ताग वगैरे गुंडाळायचं आणि वरून स्वतः मुरवलेलं मिश्रण चढवायचं. आम्ही मोठ्या मूर्तीत काथ्या घालतो तेव्हा तोच विचार असतो, अंगाला तडा जाऊ नये. त्यांनी केलेल्या, सुदानमधल्या नुबा लोकांच्या पैलवानांच्या पुतळ्यांच्या खांद्यावरची कातडी बघा, बोटाचा दाब दिसतो. पण हे काम माणसाच्या उंचीला मिळतंजुळतं. ४९ मीटरला ते जमणार नाही. म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे: एवढं उंच कशाला हवं होतं?

उंबरठा
उंची हवी होती, कारण डाकारसमोरच्या 'गोरे' नावाच्या बेटावरून गुलाम म्हणून माणसं नेली गेली. समुद्राकडे बोट दाखवणारं मूल लांबून दिसलं पाहिजे. आज डाकारची पोरं त्या पायऱ्यांवर व्यायामाला पळतात. पुतळा कोणी ओतला याने त्यांना काय फरक पडतो?

खडीसाखर
खर्च कोण विसरेल? सुमारे २.७ कोटी डॉलर, तेही रोखीऐवजी सरकारी जमिनीच्या बदल्यात. वर वाड म्हणाले, कल्पना माझी, म्हणून पर्यटनाच्या उत्पन्नातले ३५ टक्के माझे.

दर्यावर्दी
'कोणी ओतला याने काय फरक पडतो' याला झिम्बाब्वेतल्या बुलावायो शहराचं उत्तर आहे. जोशुआ न्कोमो हे झिम्बाब्वेच्या त्या भागातले मोठे नेते. तिथेच १९८० च्या दशकात सरकारच्या पाचव्या ब्रिगेडने एनदेबेले समाजाची हजारो माणसं मारली. त्या ब्रिगेडला प्रशिक्षण दिलं उत्तर कोरियाने. आणि २०१० मध्ये न्कोमोंचा पुतळा घडवून आला तो उत्तर कोरियाहूनच. घरच्यांना विचारलंही नव्हतं. त्यांनी आवाज उठवला, पुतळा खाली उतरवावा लागला. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना त्या ब्राँझकडे बघून काय वाटलं असेल?

उंबरठा
हे मला माहीत नव्हतं. बुलावायोबद्दल माझं म्हणणं मागे घेतो. तिथे घडवणारा कोण हाच मुख्य प्रश्न होता.

शाडूवाला
पण तोच पुतळा डिसेंबर २०१३ मध्ये त्याच शहरात परत उभा राहिला, हेही नोंदवा.

दर्यावर्दी
नोंदवलं. तरी डाकारला परत गेलो तर आधी सो यांच्या पैलवानांसमोर उभा राहीन, टेकडी नंतर.