टीआर६: क्लच दाबूनही रिव्हर्स पडत नाही, फोर्कची टेपर पिन तुटली असेल का?

बर्डीवाला

गाडी ट्रायम्फ टीआर६ (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), २४९८ सीसी, ओव्हरड्राइव्हवाली (गिअरबॉक्सला जोडलेला जादा वेगाचा गिअर). क्लच तळापर्यंत दाबला तरी रिव्हर्स टाकताना दात घासतात, पहिला गिअरही जोर लावून टाकावा लागून राहिला. मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) क्लच सिलिंडर दोन्ही नवीन आहेत, गळती कुठेच नाही, पेडल कडक लागतं.

मेकॅनिक म्हणून राहिला की प्रेशर प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवू. पण या गाड्यांत क्लच फोर्कची टेपर पिन, म्हणजे फोर्क त्याच्या शाफ्टला पक्का धरणारी निमुळती पिन, तुटते असं ऐकून आहे. उतरवण्याआधी ते ओळखता येईल का? इंजिन काढावं लागतं का? आणि पिन नागपुरात बनवून घ्यावी की इंग्लंडहून मागवावी?

धंतोली_ओव्हरड्राइव्ह

भाऊ, आधी फूटपट्टी, मग पाने. एकाला पेडल दाबायला बसवा आणि गाडीखाली स्लेव्हची दांडी किती सरकते ते मोजा. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) हवी, नुसत्या जॅकवर नको. निदान १३ मिमी तरी सरकायला हवी, १५-१६ मिळाली तर उत्तम. त्याहून कमी आली तर दोष बाहेरच आहे. पेडलजवळची क्लेव्हिस पिन (पेडल आणि मास्टरची दांडी जोडणारी) आणि तिचं भोक झिजून लांबट झालेलं असतं, तिथेच बरीच हालचाल खर्च होते. नवीन मास्टर टाकताना जुनीच क्लेव्हिस पिन परत बसवलेली असते, ती काढून नखाने चाचपून बघा, मधोमध खळगा लागेल.

स्लेव्ह बसवतानाची नेहमीची चूक म्हणजे ब्लीड निपल खाली आणि पाइप वर. निपल वरच्याच भोकात पाहिजे, नाहीतर आतली हवा निघत नाही.

फोर्कचा शाफ्ट फिरवणाऱ्या बाहेरच्या लिव्हरला तीन भोकं असतात, स्लेव्हची दांडी मधल्यात हवी. शाफ्टपासून सगळ्यात लांबच्या भोकात असेल तर पेडल हलकं लागतं, पण फोर्क कमी फिरतो. सगळ्यात जवळच्या भोकात टाकून वेळ मारून नेऊ नका. हालचाल वाढते तसा पेडलला जोरही जास्त लागतो.

दांडी पुरेशी सरकते, भोक मधलं आहे आणि तरीही क्लच सुटत नाही, तर दोष बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) आत आहे. गाडी पावसाळाभर उभी असेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेलीही असू शकते, पण तेव्हा क्लच अजिबातच सुटत नाही. तुमच्याकडे अर्धवट सुटतो, म्हणून माझा संशय पिनवरच आहे. दांडी सोडवून लिव्हर हाताने पुढेमागे करा. पिन शाबूत असेल तर थोडा मोकळा प्ले आणि मग बेअरिंग टेकल्याचा एकच ठाम अडथळा लागतो. तुटलेली असेल तर आधी एक बारीक अडखळ, मग आणखी थोडी हालचाल, मग अडथळा, असं दोन टप्प्यांत जाणवतं. तुटलेले तुकडे एकमेकांत अडकत असल्यामुळे क्लच अर्धाच सुटतो.

बर्डीवाला

दांडी १५ मिमी सरकते, मधल्याच भोकात आहे. लिव्हर हलवताना तुम्ही म्हणता तशी अडखळ लागते. म्हणजे उतरवावाच लागणार. कसा?

धंतोली_ओव्हरड्राइव्ह

इंजिन जागेवरच राहतं, गिअरबॉक्स गाडीच्या आतून निघतो. बॅटरीची अर्थ काढा, दोन्ही सीट, कार्पेट, डॅशखालचा आधाराचा ब्रॅकेट, मग टनेलचं (दोन सीटमधल्या, गिअरबॉक्सवरच्या उंचवट्याचं) कव्हर. हे कव्हर दाबलेल्या पुठ्ठ्याचं असतं, स्क्रू ओढून काढाल तर भोकं फाटतील, सावकाश फिरवूनच काढा. गिअर लिव्हर, स्पीडोची केबल, ओव्हरड्राइव्ह आणि रिव्हर्स लाइटच्या वायरी (वायरींना खुणेच्या चिठ्ठ्या लावा), प्रॉपशाफ्टच्या पुढच्या फ्लँजचे चार बोल्ट. फ्लँजवर दोन्हीकडे खूण करून ठेवा, म्हणजे जोड होता तसाच परत बसेल. स्लेव्हचा पाइप सोडू नका, सिलिंडर बोल्ट काढून तारेने बाजूला बांधा, ब्लीडिंग वाचतं. मात्र तेव्हा पेडलला कोणी पाय लावू नये, पिस्टन बाहेर येईल.

ऑइल पॅनखाली लाकडी ठोकळा ठेवून इंजिन जॅकवर टेकवा, मगच मागचा माउंट सोडा. बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट टनेल उघडल्यावरच हाताला लागतात. ५/१६ यूएनएफ बोल्टच्या डोक्याला अर्ध्या इंचाचा पाना लागतो. १३ मिमीचा चढतो, पण ढिला बसतो, आणि घट्ट झालेल्या बोल्टची डोकी त्याने गोल होतात.

गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमध्ये असताना वजन लोंबकळलं की प्लेटचा मधला भाग वाकतो, आणि नवीन प्लेट असूनही क्लच धरून ठेवतो. ओव्हरड्राइव्हसकट तो जड असतो, दोन माणसं हवीतच. वैशाखात पत्र्याच्या शेडखाली हे काम काढू नका, घामेजल्या हातातून तो निसटतो.

लेथ_हिंगणा

पिनबद्दल मी सांगतो. ती चौकोनी डोक्याची, फोर्कमध्ये आट्यांनी बसते आणि तिचं निमुळतं टोक शाफ्टमधून आरपार जातं. नुसती डोक्याकडून फिरवाल तर अर्धा तुकडा हातात येईल आणि निमुळतं टोक शाफ्टमध्येच राहील. ते आट्यांच्या बाजूने ठोकू नका, जितकं ठोकाल तितकं घट्ट बसेल. फोर्कच्या उलट्या बाजूला, टोकाच्या नेमक्या समोर, बारीक भोक पाडा आणि तिथून पंचने मागे ठोका. निमुळत्या टोकाकडून मार बसला की ते लगेच सुटतं. मग शाफ्ट लिव्हरच्या बाजूने ओढून काढा.

पिन इंग्लंडहून आली तर उत्तम. इथे करायची झाली तर हिंगणा एमआयडीसीत ईएन २४ या मजबूत मिश्र पोलादात करून घ्या, माइल्ड स्टीलच्या सळईतून नको. पण खरी मेख पिनपेक्षा भोकात आहे. जुन्या पिनने शाफ्टचं भोक लांबट केलेलं असतं. नवीन पिनला निळी शाई लावून बसवा, फिरवून काढा. शाई सगळ्या लांबीभर पुसली गेली पाहिजे. एका टोकालाच पुसली असेल तर पिन तेवढ्याच जागी टेकते, आणि परत तुटेल. टेपर रीमर फिरवा, किंवा भोक फार गेलं असेल तर शाफ्टच बदला. पिनचा निमुळता भाग घट्ट बसण्याआधी आटे संपत असतील तरी ती ढिलीच समजा.

आता दुसरी पिन. फोर्कच्या त्याच बॉसच्या (शाफ्टभोवतीच्या जाड भागाच्या) दुसऱ्या टोकाला, पहिल्या पिनला काटकोनात, फोर्क आणि शाफ्ट दोन्हीतून पाव इंची भोक पाडून हाय टेन्साइल बोल्ट आणि नायलॉक नट. बोल्टचे आटे शाफ्टच्या आत येऊ देऊ नका, गुळगुळीत भागच येईल अशी लांबी निवडा. हे काम हातड्रिलने करू नये. व्ही-ब्लॉकमध्ये बांधून, आधी सेंटर ड्रिल, मग कमी वेगात कोबाल्ट बिट. टेपर पिनच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवून फोर्कला पीळ देऊन बांधाच. तार नसली की पिन थोडी थोडी सैल होते, मग प्रत्येक दाबाला हिसका बसतो आणि ती थकून तुटते.

बर्डीवाला

पिनसोबत आणखी काय मागवून ठेवू?

लेथ_हिंगणा

शाफ्टचे दोन्ही बुश. ते झिजले की शाफ्ट तिरका होतो आणि पिनवर वाकडा ताण येतो. रिलीज बेअरिंग आणि त्याची स्लीव्ह. बेअरिंग स्लीव्हवर चढवताना व्हाइसमध्ये सरळ दाबा, हातोडी नको. स्लीव्ह पुढच्या कव्हरच्या नाकावर बोटाने सहज सरकली पाहिजे. त्या नाकाला, स्लीव्हच्या खाचेला आणि फोर्कच्या दोन टोकांना पातळ मोलिब्डेनम ग्रीस लावा. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला (खाचांना) मात्र नखभरच, जास्तीचं ग्रीस फिरताना उडून क्लच प्लेटवर जातं. इनपुट शाफ्टचं ऑइल सील त्याच हाताने बदला.

क्रँकच्या टोकातला स्पिगॉट बुश (इनपुट शाफ्टचं टोक ज्यात फिरतं तो) विसरू नका. भोकात ग्रीस ठासून भरा, नेमक्या मापाची सळई घालून ठोका, ग्रीसच बुशला मागून ढकलून काढतं. नवीन बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

धंतोली_ओव्हरड्राइव्ह

गिअरबॉक्सचं ऑइल बदलाल तर जीएल-४ दर्जाचं घ्या, जीएल-५ गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला बरं नाही. टनेल कव्हर बसवताना कडेला नवी फोमची पट्टी लावा, नागपूरच्या उन्हात गिअरबॉक्सची गरम हवा थेट पायांवर येते.

सीट लावण्याआधी तपासणी करून घ्या. गाडी घोड्यांवर असताना गरम इंजिन आयडलवर ठेवा, क्लच दाबून पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. आवाजाशिवाय पडला तरच कार्पेट अंथरा. घासला तर टनेल उघडं असतानाच परत लिव्हरचा प्ले बघा.