जडत्व: यातलं 'जड' नक्की कुठलं?

नववीला विज्ञान शिकवते. परवा जडत्व म्हणजे काय विचारलं, तर एकजण ठामपणे म्हणाला, "जड वस्तूंमध्ये असतं ते." आणि हलक्या वस्तूंत? "नसतं." शेजारच्या मुलीने 'वस्तूची आपली स्थिती आपणहून न बदलण्याची प्रवृत्ती' ही व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली, पण पिसाला जडत्व असतं का म्हटल्यावर तीही गप्प. हाच शब्द का निवडला असेल?

—

मुलाचं मराठी चोख आहे हो! बोलताना जड म्हणजे भारीच: जड पेटी, डोकं जड झालं, पचायला जड. पण संस्कृतात जड म्हणजे मंद, अचेतन. 'जडबुद्धी'तला किंवा 'जड-चेतन'मधला. वजनाशी त्याचा संबंध नाही. जडत्वाचा इंग्रजी शब्द 'इनर्शिया' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचाही अर्थ आळशी, निष्क्रिय. प्रतिशब्द चपखल आहे.

—

अर्धाच चपखल. थांबलेली वस्तू आपणहून हलत नाही, हा आळस पटतो. धावती वस्तू आपणहून थांबत नाही, याला आळस कसं म्हणायचं? बसने करकचून ब्रेक लावला की आपण पुढे का जातो, याचं उत्तर मुलं 'पुढे धक्का बसतो' असं लिहितात. पुढे ढकलणारं कुणी नसतं. पाय बसबरोबर थांबतात, वरचं अंग मात्र आधीच्याच वेगाने जात राहतं. गंमत म्हणजे इनर्शिया हा शब्द भौतिकशास्त्रात आणणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ केप्लरलाही आळसच अभिप्रेत होता: ढकलणारं नसलं की वस्तू थांबणार. न्यूटनने १६८७च्या ग्रंथात त्याच शब्दात गतीलाही जागा दिली. मी वर्गात सरळ 'जैसे थे' म्हणतो. थांबलेलं थांबलेलं, चाललेलं चाललेलं.

—

'जैसे थे' आवडलं, उद्याच वापरते. पण वस्तुमान जास्त तर जडत्व जास्त, हे खरंच ना? मग त्या मुलाला निम्मे गुण द्यायला हवेत.

—

द्या! फक्त 'नसतं'चे कापा. पिसालाही असतं, थोडं असतं इतकंच. आणि 'भारी' व 'जडत्व' वेगळं करायचं तर अंतराळस्थानकात न्या त्याला. उंची सुमारे ४०० किलोमीटर. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं हा आणखी एक लाडका गैरसमज. जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पडत असतात, म्हणून तरंगतात. वजनकाटा शून्य दाखवेल, पण मोठी पेटी हलवायला जोर लागतोच आणि हलली की थांबवायलाही. अंतराळवीरांचं वस्तुमानसुद्धा स्प्रिंगच्या साधनावर मोजतात: माणसासकट स्प्रिंग हेलकावते, वस्तुमान जास्त तर हेलकावा सावकाश. तिथे काहीच 'जड' नाही, जडत्व मात्र पुरेपूर.

—

मग शब्दच बदला की. 'जैसेथेपणा'!

—

नको. मुलं उत्तरपत्रिकेत तेच लिहून येतील.