जानेवारीत सुंदरबनला जायचंय, ताडोबाची सवय असलेल्यांनी प्लॅन कसा करावा?

नागपूरकरीण

नमस्कार मंडळी. जानेवारीत सुंदरबनला जायचं ठरतंय. आम्ही चौघं, मी, नवरा, मुलगी ११ वर्षांची आणि सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांचे गुडघे दुखतात पण जायचंच म्हणून हटून बसल्यात. आम्ही नागपूरचे त्यामुळे ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला वर्षातून दोनतीनदा होतंच, गेट, जिप्सी, सकाळची सफारी दुपारची सफारी सगळं अंगवळणी पडलंय. पण खारफुटीचं जंगल आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही.

नेटवर बघितलं तर जिकडेतिकडे १ रात्र २ दिवसवाली पॅकेजेस आहेत आणि प्रत्येकावर वाघाचा फोटो. एकाने तर फोनवर सांगितलं की मॅडम वाघ दिसणारच, तेव्हापासून माझ्या मनात शंका आलीये. तर विचारायचंय की किती दिवस काढावेत, कोलकात्याहून जायचं कसं, राहायचं कुठे, सासूबाईंना बोट झेपेल का, आणि वाघ नाही दिसला तर मुलीसाठी तिथे बघण्यासारखं नेमकं काय आहे. आम्ही घरी शाकाहारी आहोत, ते पण जमेल का सांगा. हावड्याची गाडी नागपूरहून थेट आहे त्यामुळे तिथपर्यंत प्रश्न नाही.

बालीगंजचा_पुणेकर

ताई, मी नऊ वर्षं कोलकात्यात आहे, पाहुणे आले की सुंदरबन ठरलेलंच, त्यामुळे पाचसहा वेळा तरी झालंय. आधी रस्त्याचं सांगतो. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सियालदाहून कॅनिंग लोकल, साधारण सव्वा तास, मग कॅनिंगहून गाडीने गोदखाली. दुसरा म्हणजे कोलकात्याहूनच गाडी करून थेट गोदखाली, शंभरेक किलोमीटर, तीन तास धरा. आई बरोबर आहेत तर डोळे मिटून गाडी करा, लोकलला गर्दी असते आणि कॅनिंगला उतरल्यावर सामान घेऊन चालावं लागतं. गोदखालीला रस्ता संपतो, तिथून पुढे सगळं पाण्यावरून. समोर गोसाबा दिसतं, त्याच्या पुढे पाखिरालय, बहुतेक हॉटेलं तिथेच आहेत, आणि पाखिरालयच्या समोर नदीपलीकडे साजनेखाली, जिथे वनखात्याचं ऑफिस आहे.

परमिट साजनेखालीला होतं, सगळ्यांची ओरिजिनल ओळखपत्रं लागतात, बोटीवर गाईड घेणं सक्तीचं आहे. बोट सकाळी ठरलेल्या वेळेला जंगलात शिरते आणि संध्याकाळी बाहेर पडावंच लागतं, रात्री जंगलात फिरता येत नाही. टेहळणी मनोरे किंवा कॅम्प सोडून बाकी कुठेही खाली उतरता येत नाही. हे मनाशी पक्कं धरूनच जा, दिवसाचे सातआठ तास तुम्ही बोटीवर असणार. जेवण बोटीवरच शिजतं, आधी सांगितलं तर शाकाहारी अगदी व्यवस्थित करून देतात, आलू पोस्तो, बेगुन भाजा, डाळ, भात. आणि जानेवारी म्हणजे नोलेन गुळाचे दिवस, खजुराच्या रसाचा तो ताजा गूळ सासूबाईंना नक्की खायला घाला.

कमीत कमी २ रात्री ३ दिवस. १ रात्रवाल्या पॅकेजमध्ये जंगलाच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो, बाकी सगळा वेळ येण्याजाण्यात. आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारी अजिबात जाऊ नका, पिकनिकच्या बोटी येतात, मोठमोठ्याने गाणी लावतात. मागे एकदा आमच्या शेजारून अशी बोट गेली आणि काठावर आलेला चितळांचा अख्खा कळप पळाला, मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी पुढे कॅमेरा हातात धरावासाच वाटला नाही. संक्रांतीच्या आसपास गंगासागरची यात्रा असते, तेव्हा कोलकात्यात हॉटेलं, गाड्या सगळं महाग आणि भरलेलं, ते चारपाच दिवस टाळा.

खाडीकर

वर सगळं छान सांगितलंय पण खरी गोष्ट राहिली, ती म्हणजे भरती-ओहोटी. मी रेवदंड्याचा, आमच्या घराच्या मागेच खाडी आणि तिवरांचं बन, म्हणून सुंदरबनला गेलो तेव्हा पहिल्यांदा भरतीचं वेळापत्रकच बघितलं, आणि माझं म्हणणं आहे की तिथला प्लॅन वाघावर करू नका, पाण्यावर करा.

का ते सांगतो. ताडोबात तुम्ही सकाळ-संध्याकाळ बघता, इथे जंगल दिवसातून दोनदा बुडतं आणि दोनदा उघडं पडतं. पूर्ण भरतीला पाणी झाडांच्या फांद्यांना टेकतं, काठ दिसतच नाही, मग जनावर दिसणार कुठून. पण तेव्हाच बोट अरुंद खाड्यांमध्ये आत जाऊ शकते, दोन्ही बाजूंनी झाडं अंगावर येतात, पक्षी हाताच्या अंतरावर. ओहोटी लागली की चिखलाचे उतरते काठ उघडे पडतात आणि मग खरी मजा, मगरी उन्हात येऊन पडतात, घोरपडी फिरतात, चितळं खाली उतरतात, आणि वाघ दिसलाच तर तो पण बहुतेक अशाच वेळी, चिखल तुडवत खाडी ओलांडताना. आम्हाला वाघ दिसला नाही. पण एका काठावर पाण्यातून वर चढून गेलेली पावलं दिसली, इतकी ताजी की खळग्यांमध्ये पाणी अजून झिरपत होतं. बोटवाल्याने इंजिन बंद केलं, कोणी बोलेना, फक्त चिखलातून बुडबुडे फुटल्याचा टपटप आवाज. वीसेक मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. तो क्षण माझ्या अजून अंगावर येतो.

आमच्याकडे कोळी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे अष्टमी असेल तर सहा वाजता. सुंदरबनला हा हिशोब तसाच्या तसा लावू नका, नदीमुखावर वेळा वेगळ्या पडतात, आत आत जाल तसा उशीर होतो. पण रोज पाऊण तासाने पुढे सरकणं तेच. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप खाली जातं, काठ भरपूर उघडे पडतात, प्रवाहाला जोर असतो. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी शांत. ते लोक उधाणाला भरा कोटाल आणि भांगाला मरा कोटाल म्हणतात, ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

सासूबाईंसाठी हे महत्त्वाचं आहे बरं का. ओहोटीला बोट घाटाच्या पार खाली जाते, शेवाळलेल्या, चिखलाने माखलेल्या दहाबारा पायऱ्या उतरून मग फळीवरून बोटीत जावं लागतं. भरतीला तीच बोट घाटाच्या बरोबरीला येते, नुसतं पाऊल टाकायचं. म्हणून बोटवाल्याला आधीच सांगा की चढण्या-उतरण्याच्या वेळा शक्यतो भरतीला धरा, निदान पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. चांगला माणूस असेल तर लगेच समजेल, आणि नाही समजला तर दुसरा बघा.

नागपूरकरीण

खाडीकर दादा, हे तर कुठल्याच वेबसाइटवर नव्हतं! सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मी फळीवरून जाईन पण मला धरायला माणूस पाहिजे. बालीगंजचा_पुणेकर, नोलेन गुळाचं लिहून ठेवलंय.

आता मुलीचं सांगा ना कोणीतरी, ती पक्ष्यांची वही ठेवते. आणि मनोरे चढायला किती आहेत?

तिवरपान

ताई मी वनस्पतीशास्त्र शिकवते आणि दोनदा विद्यार्थ्यांना घेऊन गेलेय, त्यामुळे थोडं लांबेल.

मनोऱ्यांमध्ये साजनेखाली, सुधन्यखाली आणि दोबांकी हे तीन तुमच्या ३ दिवसांत आरामात होतात. मनोऱ्यांच्या समोर वनखात्याने गोड्या पाण्याची तळी खोदलीयेत, आजूबाजूला सगळं खारं पाणी असल्यामुळे जनावरं तिथे प्यायला येतात. सुधन्यखालीला झाडांमधून एक सरळ पट्टा मोकळा ठेवलाय, मुलीला दुर्बीण देऊन तिथे निवांत अर्धा तास बसवा. दोबांकीला जाळीने बंदिस्त उंच पूल आहे, साधारण अर्धा किलोमीटर, तिथे माणूस जाळीत आणि जंगल मोकळं. सासूबाईंना जिने नको असतील तर त्या खाली बसू शकतात, साजनेखालीला माहिती केंद्र जमिनीवरच आहे आणि तिथेच बाटागुर बास्का नावाची नदीतली कासवं वाढवतात, जी जंगलात जवळपास संपलीयेत. नेतिधोपानीला जुन्या देवळाचे अवशेष आहेत, बेहुला-लखिंदरच्या बंगाली लोककथेतलं ठिकाण, पण तिथे रोज मोजक्याच बोटींना परवानगी मिळते आणि लांब आहे, एक दिवस जास्त असेल तरच.

पक्षी म्हणाल तर खंड्यांसाठीच जा. आपल्याकडे रोज दिसणारा पांढऱ्या छातीचा खंड्या तर आहेच, पण तपकिरी पंखांचा, काळ्या टोपीचा, पांढऱ्या गळपट्ट्याचा, असे किती प्रकार, एका दिवसात मुलीचं पान भरेल. शिवाय छोटा गरुड करकोचा, खारफुटीतला नवरंग (नशीब लागतं), आणि पाण्यात कधी इरावती डॉल्फिन. चिखलात लाल-केशरी मोठी नांगी हलवणारे खेकडे आणि परांवर उड्या मारत चिखलावरून चालणारा निवटी मासा, हे दोन प्राणी मुलं तासन्‌तास बघतात.

आणि झाडं! लोकांना वाटतं सुंदरबन म्हणजे सगळीकडे सुंदरीची झाडं. आपल्या बाजूला सुंदरी त्यामानाने कमी, तिला गोडं पाणी जास्त लागतं आणि गंगेचा प्रवाह पूर्वेकडे सरकल्यापासून तिची खरी वस्ती बांगलादेशच्या बाजूला आहे. इकडे गेवा, गोरान, बायेन म्हणजे आपली तिवर, आणि केवडा. हा केवडा गणपतीला वाहतो तो नाही हं, चिप्पीच्या कुळातलं उंच झाड, बंगालीत केओडा. माकडं त्याची पानं खाली पाडतात आणि चितळं खाली उभी राहून खातात, हे दृश्य हमखास मिळतं. हेंताल नावाची बुटकी खजुरासारखी झुडपं दिसली की डोळे तिथेच ठेवा, पिवळ्या-हिरव्या उभ्या पात्यांमध्ये वाघाचे पट्टे असे मिसळतात की दहा मीटरवर असला तरी दिसत नाही.

वाघाबद्दल स्पष्ट बोलते. भारताच्या बाजूला शंभरच्या आसपास वाघ आहेत आणि व्याघ्र प्रकल्प अडीच हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठा, त्यात तुम्हाला फक्त पाण्यावरून काठ दिसतो. दिसणारच असं सांगणाऱ्याकडे बुकिंग करू नका.

मौलीमित्र

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. गाईड स्थानिक घ्या आणि त्याच्याशी बोला. आमचा गाईड सुंदरबनातल्याच बाली बेटावरचा होता, त्याचे वडील मौली, म्हणजे एप्रिल-मेमध्ये जंगलात मध काढायला जाणारे. जंगलात शिरायच्या आधी सगळे बोनबीबीला, म्हणजे जंगलाच्या देवीला, नमस्कार करतात, हिंदूही आणि मुसलमानही, तिचं छोटं देऊळ जवळजवळ प्रत्येक गावात आणि वनखात्याच्या कॅम्पवर पण आहे. वाघाचं नाव घेत नाहीत, मामा म्हणतात. आपल्याकडे वाघोबाला नैवेद्य दाखवतात ना, मला तेच आठवलं.

पाखिरालयला संध्याकाळी गावातून चक्कर मारा. मातीचे बंधारे बघा, गावं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत आणि तो बंधारा फुटला की सगळं संपलं. २००९ च्या आयला वादळात खारं पाणी शेतात शिरलं ते काही वर्षं भातच होईना, नंतर २०२० ला अम्फान. गाईडने मला त्याच्या दारातल्या खांबावर आयलाच्या पाण्याची खूण दाखवली, माझ्या छातीपर्यंत. म्हणून घासाघीस करताना हात जरा आवरा, बोटवाल्याला आणि गाईडला पूर्ण पैसे द्या, मध घेणार असाल तर गावातल्या लोकांकडूनच घ्या.

बालीगंजचा_पुणेकर

मौलीमित्रला हजारदा अनुमोदन.

ताई, बारीकसारीक राहिलेलं. पाण्यावर सकाळी भयंकर गारठा असतो, आईंना कानटोपी आणि शाल, बारा वाजता हेच लोक उन्हाची टोपी शोधतात. धुकं असलं तर बोट उशिरा सुटते, परतीची गाडी त्याच रात्रीची काढू नका, कोलकात्यात एक मुक्काम ठेवा. टॉयलेट आहे का आणि पाश्चात्य पद्धतीचं आहे का हे बोट ठरवताना विचारा, गुडघ्यांसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि शक्यतो बोटीचा फोटो मागवा. वरच्या डेकचा जिना उभा असतो, खाली पुढच्या बाजूला खुर्ची टाकायला जागा असलेली बोट बघा. औषधं पूर्ण घेऊन जा, आत नेटवर्क पण येतं-जातं. आठवड्याची सुट्टी आणि परवानग्यांचे नियम अधूनमधून बदलतात, तारीख पक्की करायच्या आधी बोटवाल्याकडून खात्री करून घ्या. आणि मातकट रंगाचे कपडे घ्या, लाल-पिवळे नकोत, ते ताडोबावाल्यांना सांगायला नको.

नागपूरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. २ रात्री ३ दिवस, अधिक कोलकात्यात एक मुक्काम, असं ठरवलंय. त्या वाघ दिसणारच वाल्याला नाही म्हणून कळवलं. दुसऱ्याला भरतीच्या वेळा विचारल्या तर त्याने स्वतःच विचारलं की बरोबर वयस्कर कोणी आहे का, म्हणून त्याच्याशी बोलणं पुढे नेतेय. मुलीने वहीत खंड्यांसाठी वेगळं पान आखलंय. तारीख संक्रांतीनंतरची बघतोय, खाडीकर दादा उधाण धरू की भांग?

खाडीकर

सासूबाई आहेत तर मधलं धरा, अमावस्या-पौर्णिमेनंतर तीनचार दिवसांनी. काठ बऱ्यापैकी उघडे मिळतील आणि घाटावर पाण्याचा जोर पण कमी झालेला असेल. दोनतीन तारखा इथे टाका, तिथी बघून सांगतो.