मदत हवी आहे: बाळाचा विचार करण्याआधी आरोग्य विमा समजून घ्यायचा आहे, आणि 'गोड बातमी कधी?' याला कुठे काय उत्तर द्यावे?

नमस्कार.

आम्ही दोघे पुण्यात राहतो, दोघेही खासगी कंपन्यांत नोकरी करतो, आणि येत्या वर्षभरात बाळाचा विचार करायचा असे आम्ही ठरवले आहे. त्यापूर्वी आरोग्य विम्यात नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही हे कळावे, म्हणून सध्या मी पॉलिसीची कागदपत्रे बारकाईने वाचत आहे. बरेचसे समजले आहे. काही कलमांपाशी मात्र गाडी अडते, आणि ज्यांना विचारावे त्यांच्याकडे गेले की बोलणे विम्यावरून थेट अभिनंदनावर जाते. या दोन्ही अडचणी एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे एकाच धाग्यात मांडत आहे.

आधी विम्याची स्थिती सांगते. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आम्हा दोघांना मिळून ५ लाखांचे संरक्षण आहे. बाळंतपणासाठी त्यात वेगळी मर्यादा आहे, नॉर्मल प्रसूतीला ५० हजार आणि सिझेरियनला ७५ हजार रुपये, आणि त्यासाठी वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यावर खर्च मिळेपर्यंत थांबण्याचा काळ, नाही. आमच्या भागातील ज्या रुग्णालयांत चौकशी केली, तिथे स्वतंत्र खोलीसह सिझेरियनचा अंदाजे खर्च लाखाच्या पुढेच सांगितला गेला. म्हणजे वरची रक्कम आपली आपण उभी करायची, हे आम्ही धरून चाललो आहोत. सोनोग्राफी, रक्ततपासण्या आणि डॉक्टरांच्या दरमहा भेटी यांचा खर्च याच मर्यादेतून मिळतो की मुळीच मिळत नाही, हे फायद्यांच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलेले नाही.

मला नोकरी बदलण्याची एक चांगली संधी समोर आहे. तेथील ग्रुप पॉलिसीत मात्र बाळंतपणासाठी ९ महिन्यांचा वेटिंग पिरियड आहे. रजेचा हिशेब याहून निराळा आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. म्हणजे नवीन ठिकाणी रजेची अट लवकर पूर्ण होईल आणि रुग्णालयाच्या बिलाची होणार नाही, अशी स्थिती येऊ शकते.

वैयक्तिक पॉलिसीचाही विचार चालू आहे. पाहिलेल्या बहुतेक पॉलिसींत बाळंतपणाचा खर्च वगळलेलाच आहे. त्या कलमात अपवाद आहे तो गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेचा. गर्भपाताचा खर्चही, तो अपघातामुळे झालेला नसेल तर, वगळलेला असतो. वंध्यत्वावरील उपचारांचे कलम आणखी वेगळे आहे. जिथे बाळंतपण समाविष्ट आहे, तिथे बहुधा दोन ते चार वर्षे थांबावे लागते. आमच्या बाळाला या पॉलिसीचा उपयोग होणार नाही हे उघड आहे. तरीही नोकरीबरोबर ग्रुप पॉलिसी संपते, म्हणून स्वतःची एक पॉलिसी हवीच असे माझे मत झाले आहे. मला थायरॉईडची गोळी चालू आहे, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. तो जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे.

सर्वांत जास्त काळजी मला बाळाच्या खर्चाची वाटते. बाळ वेळेआधी जन्मले आणि त्याला एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवावे लागले, तर तो खर्च बाळंतपणाच्या ७५ हजारांतून वळता होतो की मूळ ५ लाखांतून? आमच्या तक्त्यात 'नवजात बाळ पहिल्या दिवसापासून समाविष्ट' एवढेच एक वाक्य आहे. मर्यादा कोणती, हे त्या वाक्यावरून कळत नाही, आणि एनआयसीयूचा खर्च दिवसागणिक वाढत जाणारा असल्यामुळे या एका वाक्यावर लाखांचा फरक पडू शकतो.

आता दुसरी अडचण. हे सर्व विचारायचे कोणाला? कंपनीच्या एचआर विभागात मी फक्त मॅटर्निटीच्या मर्यादेविषयी विचारले, तर समोरच्या ताईंनी आनंदाने 'अगं, अभिनंदन!' म्हटले आणि दुपारपर्यंत शेजारच्या टेबलावरून पेढ्यांची मागणी आली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी जाणते. परंतु नोकरी बदलण्याचा विचार चालू असताना, आणि मुळात सांगण्यासारखे काही नसताना, अशी बातमी पसरणे मला अडचणीचे आहे. एका विमा एजंटने तर फोनवर नमस्कार झाल्या झाल्या 'मग काय मॅडम, गुड न्यूज का?' असे विचारले, आणि ती नुसती विचारपूस होती की अर्जासाठीचा प्रश्न होता, हे मला शेवटपर्यंत समजले नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर हे ठरलेलेच असते. वाण हातात ठेवता ठेवता सोसायटीतील काकू म्हणतात, 'पुढच्या वर्षी तुमच्याकडे बोरन्हाण हं!' शेजारी सासूबाई उभ्या असतात. त्या स्वतः आम्हाला कधीही विचारत नाहीत, पण अशा वेळी त्यांनी हसावे की विषय बदलावा, हे त्यांनाही सुचत नाही. काकूंचे म्हणणे आशीर्वादाचे असते, त्यामुळे तोडून बोलणे मला पटत नाही. पण 'अजून काहीच नाही का? डॉक्टरांना दाखवलंत का?' असे जेव्हा भर बायकांत विचारले जाते, तेव्हा तो आशीर्वाद राहत नाही. ज्यांचे एखादे बाळ हातचे गेले आहे किंवा ज्यांचे उपचार चालू आहेत, अशा मुलींना ते ऐकताना काय वाटत असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

एनआयसीयूच्या खर्चाचे काय, नोकरी बदलताना कोणती गोष्ट आधी पाहावी, आणि कोणासमोर किती सांगणे आवश्यक आहे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

मी अनेक वर्षे क्लेमच्या कामात आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुमची काळजी अगदी योग्य जागी आहे. काही ग्रुप पॉलिसींत बाळाचे उपचार कुटुंबाच्या मूळ रकमेतून दिले जातात, तर काहींत ते बाळंतपणाच्या मर्यादेतच धरले जातात, आणि तक्त्यातील एका ओळीवरून हे ठरवता येत नाही. एचआरकडे मॅटर्निटीचे नाव न काढता 'पॉलिसीचा संपूर्ण मसुदा आणि सर्व एन्डॉर्समेंट पाठवाव्यात' अशी ईमेल करा (एन्डॉर्समेंट म्हणजे मूळ पॉलिसीत केलेल्या बदलांची जोडपत्रे). ती कोणत्याही कर्मचाऱ्याने करावी अशी साधी मागणी आहे, तिला कारण द्यावे लागत नाही. मसुदा हाती आल्यावरही शंका उरली, तर टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) हेल्पलाइनला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. बाळाचे नाव जन्मानंतर किती दिवसांत कळवायचे, तेही त्याच वेळी विचारून ठेवा; ती मुदत चुकल्यामुळे अडलेले क्लेम मी पाहिले आहेत.

तुमच्या यजमानांच्या कंपनीच्या पॉलिसीत तुमचे नाव आहे का, ते पाहा. असल्यास एका पॉलिसीची मर्यादा संपल्यावर उरलेल्या रकमेचा क्लेम दुसरीकडे करता येतो. मूळ बिले पहिल्या कंपनीकडे जातात. तिचे सेटलमेंट लेटर (किती रक्कम दिली याचे पत्र) आणि बिलांच्या साक्षांकित प्रती दुसरीकडे द्यायच्या असतात. पुष्कळ जोडप्यांना ही सोय माहीतच नसते. शिवाय तुम्ही नोकरी बदललीत, तर मधल्या काळात हीच पॉलिसी कामी येईल, म्हणून राजीनाम्याआधी ती तपासा.

खोलीभाड्याची मर्यादा दुर्लक्षू नका. मर्यादा ५ हजारांची असताना ८ हजारांची खोली घेतली, तर केवळ वरचे ३ हजारच नव्हे, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही ५ ला ८ या प्रमाणात कापला जाऊ शकतो. औषधे, तपासण्या आणि आयसीयूचे शुल्क यांना ही कपात लागू करता येत नाही.

एजंटच्या प्रश्नाविषयी सांगायचे, तर अर्जात गर्भधारणेविषयी आणि आजारांविषयी जे विचारलेले असते, त्याचे उत्तर पूर्ण आणि खरे द्यावेच लागते. थायरॉईड लपवू नका. एजंटने 'लिहायची गरज नाही' म्हटले तरीही. अर्ज स्वतः वाचून मगच सही करा, आणि पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांच्या फ्री लूक काळात, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करता येते त्या मुदतीत, त्यात तुम्ही दिलेली माहिती जशीच्या तशी आली आहे ना, हे पाहा. फोनवरच्या गप्पांत मात्र एजंटला काही सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. 'अर्जात जे विचारले असेल, ते मी लिहून देईन,' एवढे म्हणणे पुरेसे आहे.

दुसरा प्रतिसाद

विम्यातले मला फारसे कळत नाही, पण हळदीकुंकवाच्या बायकांत माझी हयात गेली. काकूंनी बोरन्हाणाचे म्हटले, तर 'तुमच्या तोंडात साखर पडो' म्हणावे आणि त्यांच्या नातवाची चौकशी करावी. मान राखला जातो आणि विषयही तिथेच संपतो. डॉक्टरांपर्यंत जाणारीला मात्र हसून उत्तर देऊ नये. 'ते आम्हा दोघांपुरतं आहे, काकू,' असे शांतपणे सांगावे. आणखी एक, हे उत्तर सुनेपेक्षा सासूच्या तोंडून आले तर पुन्हा कोणी विचारत नाही. तुमच्या सासूबाई समजूतदार दिसतात. त्यांच्याशी आधी मोकळेपणाने बोलून ठेवा. मी माझ्या सुनेच्या वेळी हेच केले होते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. यजमानांच्या पॉलिसीत माझे नाव आहे, पण तिच्यातून उरलेली रक्कम मागता येते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. तिचा मसुदा आज त्यांनी मागवला आहे. एनआयसीयूविषयी लेखी उत्तर हाती येईपर्यंत नवीन नोकरीला होकार कळवायचा नाही, असेही ठरवले आहे. सासूबाईंना दुसरा प्रतिसाद वाचून दाखवला, आणि येत्या हळदीकुंकवाला उत्तर त्याच देणार आहेत.

एक विचारायचे राहिले. वैयक्तिक पॉलिसीच्या अर्जासोबत थायरॉईडचे किती जुन्या तारखेपर्यंतचे रिपोर्ट जोडावेत, आणि पहिल्या निदानाचा कागद सापडत नसेल तर सध्याच्या डॉक्टरांचे पत्र चालते का?