अनुभव धागा: ख्रिस्ती प्रीती कुठं भेटली?

धागाकर्ता, जळगाव
लग्नात बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३वा अध्याय, प्रीतीवरचा तो, वाचल्याशिवाय आपले चर्चचे पाळकसाहेब पुढं सरकतच नाहीत. पण तो काय नवरानवरीसाठी लिहिलेला नाही हो. करिंथच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, गट पडलेले, एकमेकांवर कोर्टकेसेस, प्रभुभोजनाला काही लोक आधीच पोटभर खाऊन घेणार आणि गरीब उपाशी, अशा भांडकुदळ लोकांना प्रेषित पौलाने ते लिहिलं. म्हणजे आपल्यासारखेच. तर लग्नाचं सोडा, रोजच्या जगण्यात ही प्रीती कुठं भेटली किंवा नाही भेटली ते लिहा. ख्रिस्ती नसाल तरी लिहा. प्रवचन नको, ते रविवारी मिळतं.

केळीवाला, रावेर
आमची भाऊबंदकी बांधावरून. चुलतभाऊ दरवर्षी नांगरताना थोडा थोडा बांध कोरतो, मोजणी आणली, खुणा गाडल्या, त्याने उपटल्या. शत्रूंवर प्रीती करा हे मत्तयाच्या ५व्या अध्यायातलं मला संडे स्कूलपासून पाठ, पण येशूला शेतीच नव्हती असं मी बायकोला म्हणायचो. मग पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं आणि त्याचा कापणीला आलेला बाग झोपला, आमचा वाचला, पडलेला माल व्यापारी कसा मागतो ते केळीवाल्यांना माहीतच आहे. बायको म्हणे ट्रॅक्टर घेऊन जा. गेलो. मनात प्रेमबिम काही नव्हतं, राग होता तसाच होता, पण घड काढून दिले, खोडं ओढून बांधाला लावली (त्याच बांधाला!). तो एक शब्द बोलला नाही, त्याच्या बायकोने चहा दिला. केस अजून चालू आहे, मी मागे घेतली नाही आणि घेणारही नाही. फक्त आता तारखेला आम्ही दोघं एकाच मोटरसायकलवर जातो, पेट्रोल अर्धं अर्धं.

अमळनेरी
मी ख्रिस्ती नाही. आमच्या गावात प्रताप हायस्कूलला साने गुरुजी मास्तर होते, वसतिगृहातल्या आजारी पोरांची आईसारखी सेवा करायचे, असं ऐकतच आम्ही मोठे झालो. भूतदया संतांनीही सांगितली. मग ख्रिस्ती प्रीती अशी वेगळी पाटी कशाला? भांडायला नाही विचारत, खरंच विचारतोय.

धागाकर्ता, जळगाव
दादा, मक्ता आमचा नाहीच. माझ्यापुरता फरक एवढाच की सुरुवात कुठून होते. रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात आहे, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. म्हणजे मी सुधारलो, लायक झालो, मग देवाने जवळ केलं असं नाही. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बघा, बापाकडून वाटा घेऊन सगळा उडवलेला धाकटा पोरगा घरी जाऊन काय बोलायचं ते घोकत येतो आणि बाप त्याला दुरून बघूनच पळत सुटतो, त्याची माफी पुरती ऐकूनही घेत नाही. लायक नसताना मिळालेलं आहे म्हणून पुढच्याची लायकी तपासायची नाही. जमतं का? मला तर शेजारच्या फ्लॅटवाल्याबाबतही जमत नाही.

अमळनेरी
हे पटलं. म्हणजे अर्धं पटलं. मोठ्या भावाचं काय, जो घरी राबत राहिला?

केळीवाला, रावेर
मोठा भाऊ म्हणजे मीच की 😀

लाइन बाजार, भुसावळ
आम्ही कॅथलिक, वडील रेल्वेत. पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, फादर बारा जणांचे पाय धुतात, योहानाच्या १३व्या अध्यायात येशूने शिष्यांचे धुतले तसे. लहानपणापासून बारा पुरुषच बसलेले बघितले. २०१६ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि बायकांनाही बसवता येईल असं झालं. पुढं आमच्याकडे एका वर्षी माझ्या मम्मीला बोलावलं. ती भयंकर लाजली, टाचांच्या भेगांवर आदल्या रात्री व्हॅसलिन चोळत बसली, फादरना कशाला दाखवायचे असले पाय म्हणून. दुसऱ्याचं करायला ती कधी लाजली नाही, करून घ्यायलाच जीव वर आला. त्या शिष्यांतल्या पेत्राचंही तेच झालं होतं ना, माझे पाय तू कधीच धुणार नाहीस म्हणाला होता. प्रेम घेणं जास्त अवघड असतं असं माझं मत झालंय.

नवापूरची पोर
मी मावची आदिवासी. आमच्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, गावात म्हातारे आणि शाळेची लेकरं राहतात. माझ्या भावाला सिकलसेल, रक्ताचा आजार. आईबाबा तोडीवर असताना त्याला दुखायला लागलं की रात्री कोणाचं दार वाजवायचं हे ठरलेलं होतं, मंडळीतल्या एका काकांचं. गाडी त्यांची, रक्त लागलं तर माणसं पण तेच शोधायचे. स्वतः ते प्रार्थना सभेत कधी मोठ्याने प्रार्थना करायचे नाहीत, सर्वांत मागे बसायचे. बाकी काय लिहू, भाऊ आता कॉलेजला आहे.

नाव नको, चाळीसगाव
सगळे गोडच लिहीत आहेत म्हणून लिहिते. नवरा पिऊन मारायचा. मंडळीतल्या बायका करिंथकरांसच्या त्याच अध्यायातलं सांगायच्या, प्रीती सर्व काही सहन करते, तू प्रार्थना कर, तो बदलेल. मी खूप वर्षं केली. शेवटी एका पाळकांच्या पत्नींनी, आमच्या नव्हे, दुसऱ्या गावच्या, तोच अध्याय उघडून त्याच्या वरची ओळ वाचून दाखवली, की प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यात आनंद मानते. म्हणाल्या, मार लपवणं हे सत्य नाही. आणि नुसतं वाचून थांबल्या नाहीत, आपल्या घरात खोली दिली, पोलिसात माझ्याबरोबर आल्या. त्याला मी क्षमा केली का? माहीत नाही. वाईट चिंतत नाही. पण परत जाणार नाही, आणि कोणी मला येशूचं ते सत्तर वेळा सात क्षमा करा शिकवू नये.

धागाकर्ता, जळगाव
ताई, कोणी शिकवणार नाही. लिहिलंत, बरं केलंत.

बट्टीवाली, धुळे
नवरा लग्नानंतर ख्रिस्ती झाला, मी नाही झाले. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, हे आमचे पाळक मला दर भेटीत सांगतात, म्हणजे तुमचाही नंबर लागेल असं. 😀 नवरा मात्र एकदाही बोलला नाही. माझ्या उपवासाला भगर तोच चढवतो, मी त्याच्या नाताळाला वरण-बट्टी करते आणि अख्खी मंडळी जेवून जाते.

शिरपूर
वाचून विचारावंसं वाटलं. वडिलांना पॅरालिसिस, अंथरुणात. सगळं मीच करतो, डायपर, आंघोळ, जेवण. पण प्रेम वाटत नाही, खरं सांगतो, लहानपणी त्यांनी आम्हाला फार छळलं, हात लावताना पण चीड येते, मग चर्चमध्ये बसलो की खोटं वाटतं. हे धरायचं का प्रीतीत?

केळीवाला, रावेर
भाऊ, ट्रॅक्टर नेला तेव्हा मलापण काही वाटत नव्हतं. तू कर.

नवापूरची पोर
दादा, मी नर्सिंग करते. पाठीला जखम झाली नाही ना? दर दोन तासांनी कूस बदला, एअर बेड भाड्याने मिळतो, मेडिकलवाल्याला विचारा. आणि रात्रीची पाळी दुसऱ्या कोणाला द्या, मंडळीत सांगा, लाजू नका.

शिरपूर
पाठीला नाही, टाचेला लाल झालंय.

नवापूरची पोर
चोळू नका. पोटरीखाली उशी ठेवा, टाच अधांतरी राहू द्या. उद्या डॉक्टरांना दाखवा, ते काय म्हणाले ते इथं कळवा.